वाचकाचा कौल

बेळगावहून चोर्ला घाटाने गोमंतकात उतरताना खानापूर तालुक्यातील जांबोटी लागते. कादंबरीचे मोल पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी ठरवावे आणि जांबोटीसारख्या गावातील वाचकाने ते निमूटपणे स्वीकारावे, अशी समजूत रूढ आहे. आम्हांस ती मान्य नाही. या वाचकाजवळ स्वतःची कसोटी असते आणि ती त्याने निःसंकोचपणे वापरली पाहिजे.

याच टापूशी नाते असलेल्या तीन कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मराठीतील पहिली कादंबरी गणली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ साली, म्हणजे विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर अवघ्या एका वर्षाने निघाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. कथानक विस्कळीत, उपदेश जागोजागी, आणि ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतूही उघड. परंतु विधवेच्या हालअपेष्टा वेशीवर टांगण्याचे धैर्य तिने दाखविले, हे हिंदू वाचकानेही मोकळ्या मनाने मानावे.

कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. माधवराव-रमाबाईंच्या सहजीवनाचे चित्र आजही मन हेलावून सोडते. कलागुणांत 'यमुनापर्यटन' तिच्या जवळपासही येत नाही. तथापि शेवटी रमाबाईंच्या सतीगमनाला जे तेजोवलय लाभते, त्याने आपण दिपून जावे काय? वाचकाने हा प्रश्न विचारला, तर त्यात लेखकाचा अवमान नाही.

तिसरी एस. एल. भैरप्पा यांची 'वंशवृक्ष'. मूळ कन्नड, मराठीत आणली मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी. येथील कात्यायनी पुनर्विवाह करते, पण पोटचा मुलगा मागे राहतो आणि अपराधाची टोचणी तिला संपविते. हा नियतीचा न्याय की लेखकाचा, याचे उत्तर कादंबरी देत नाही. म्हणूनच ती आम्हांस तिघींत अधिक प्रामाणिक वाटते. सीमाप्रश्नावरील आपली भूमिका काहीही असो, असे पुस्तक कन्नडातून आले म्हणून दूर सारणे हा करंटेपणा होय.

हा वाद केवळ ग्रंथालयापुरता नाही. पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली करावा लागला. 'यमुनापर्यटन'नंतर १६५ वर्षांनी!

कडोली, उचगाव येथे भरणाऱ्या ग्रामीण साहित्य संमेलनांत एक सत्र केवळ वाचकांसाठी राखावे, अशी आमची सूचना आहे. एकच कादंबरी घ्यावी, आधी सर्वांनी ती वाचावी आणि व्यासपीठ विशेषतः स्त्रियांकडे द्यावे. भाषेच्या रक्षणाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. ज्या भाषेत गावचा माणूस पुरस्कारप्राप्त ग्रंथालाही जाब विचारू शकतो, ती भाषा सहसा मरत नाही.