दुर्बिणीची भाषा कुणाची?

गेल्या हिवाळ्यात बडोद्याला जाणे झाले. तिथल्या आमच्या काकांचे शेत सावलीजवळ आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. "दुर्बीण घेऊन ये रे, आमच्याकडचं आकाश बघ एकदा," हा त्यांचा जुना आग्रह. म्हणून गोव्याहून सगळे बाड आगगाडीतून नेले.

आमच्या गोव्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर दिसतो, सावलीत साडेबावीस. माउंटचा, म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीचा, अक्ष सात अंश वर उचलला आणि अंधारात घाईघाईने बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या. चूक सर्वस्वी माझीच. माउंटमधला संगणक जळाला. दोन-तीन ओळखीचे तारे दाखवले की उरलेले आकाश ताडणारा, सांगाल त्या ताऱ्याकडे नळी वळवणारा आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने त्याच्यामागे जाणारा तो मेंदूच गेला. आरसा शाबूत, मोटरी शाबूत, पण यंत्र मुके. पुढे चौकशी केली तर ते मॉडेल बंद झालेले, सुटा भाग मिळणार नाही!

शंभर वर्षांपूर्वी मोठ्या दुर्बिणी वजनावर चालणाऱ्या घड्याळयंत्राने फिरत. ते बिघडले तर कुशल घड्याळजी उघडून पाहू शके. आज मात्र डबा बंद आणि त्याची भाषाही बंद.

गोव्यात परतल्यावर इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने माझी दुर्बीण जिवंत केली. काही हजारांचे सामान, मोटरी चालवणारी छोटी पाटी आणि 'ऑनस्टेप' नावाची मुक्त प्रणाली. हॉवर्ड डटन यांनी सुरू केलेली ही प्रणाली कुणीही उतरवून घ्यावी, बदलावी. लॅपटॉपवरचे 'केस्टार्स' आणि त्याला यंत्रांशी जोडणारे 'इंडी' हेही तसेच मुक्त.

गंमत पुढेच आहे. ऑनस्टेप जी भाषा बोलते, ती मुळात 'मीड' या अमेरिकन कंपनीच्या एलएक्स२०० दुर्बिणीची. ही दुर्बीण १९९२ साली आली. मीडने २०२४ साली गाशा गुंडाळला. पण त्या दुर्बिणीच्या आज्ञा छापील आणि सर्वांना ठाऊक होत्या, म्हणून कंपनी गेली तरी भाषा उरली.

हे मला सावलीतच सुचायला हवे होते. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली, त्यांचे अंत्यसंस्कार याच सावलीत झाले. पुढे त्यांच्या वंशजांच्या बडोदा संस्थानचे जुने दप्तर मोडीत लिहिले गेले. कागद आहेत, शाईही टिकली आहे, पण वाचणारे किती? मोडी निदान शिकता येते. बंद डब्यातली लिपी शिकायची सोयच नसते.

कुणी म्हणेल, नवख्याला हा खटाटोप कशाला? बटण दाबले की शनी दिसला पाहिजे. मान्य आहे. मुक्त प्रणाली जुळवताना माझ्याही चार रात्री फुकट गेल्या, आणि त्या विद्यार्थ्यावाचून माझे काही चालले नसते. पण स्वतःच्या पैशाने हौस करणे वेगळे आणि शाळेसाठी, विज्ञान केंद्रासाठी दुर्बीण घेणे वेगळे. ती पंचवीस-तीस वर्षे मुलांच्या उपयोगी पडायला हवी. तेव्हा खरेदीच्या वेळी व्यास आणि किंमत विचारतो, तसाच तिसरा प्रश्न विचारावा: उद्या तुमचे दुकान बंद झाले, तर या यंत्राशी आम्ही कुठल्या भाषेत बोलायचे?

उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे. काकांचा फोन आला होता. येत्या थंडीत पुन्हा सावलीला जायचे आहे. तारा मात्र दिवसाउजेडीच जोडीन म्हणतो.