परदेशातील भाड्याची गाडी आणि किरकोळ लूट

रत्नागिरी जिल्ह्याला परदेश नवा नाही. येथील अनेक गावांतून आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. त्यात आता परदेशस्थ मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांची आणि हौशी पर्यटकांची भर पडली आहे. यांपैकी काहीजण तेथे भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवितात. ही मोकळीक सुखावह असली तरी तिच्या आडोशाने होणारी किरकोळ फसवणूक जुनीच आहे. रक्कम लहान असते, परतीचे विमान ठरलेले असते आणि तेवढ्यासाठी कोणी पुन्हा येऊन भांडणार नाही, हे समोरच्याला पक्के ठाऊक असते. या लुटीचे सारे गणित त्या एका गृहीतावर उभे आहे.

पहिला सापळा घरबसल्याच भेटतो. भारतीय परवानाधारकाला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना परिवहन विभागाकडून मिळतो. 'एमएच-०८' क्रमांकाच्या रत्नागिरी कार्यालयाच्या हद्दीतील रहिवाशाने त्यासाठी 'नमुना ४-अ' भरायचा असतो. शुल्क एक हजार रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. तरीही तीन किंवा पाच वर्षांचा 'आंतरराष्ट्रीय परवाना' घरपोच देण्याचे आमिष दाखविणाऱ्या खासगी वेबसाइट आहेत. त्यांच्या पुस्तिकेला कायदेशीर परवान्याचे मोल नसते. अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकण्यास तेवढे निमित्त पुरते.

दुसरा सापळा गाडी ताब्यात घेतानाचा. आधीचा ओरखडा नव्या ग्राहकाच्या माथी मारणे, हा या धंद्यातील सर्वांत परिचित प्रकार. म्हणूनच चाके, काचा, छत, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचे चित्रीकरण जागेवरच करावे, प्रत्येक ओरखडा ताबा-पत्रावर नोंदवून घ्यावा आणि कर्मचारी हजर असताना गाडी परत करून पोच मागावी. मूळ भाड्यातील विम्यात टायर, काच व गाडीचा तळ बहुधा येत नाहीत, शिवाय नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा ग्राहकालाच सोसावा लागतो. ही अट आधी वाचलेली नसली की काउंटरवर भीती घालून महागडा जादा विमा गळ्यात मारणे सोपे जाते. हे केवळ भुरट्यांचे काम नव्हे. नुकसानीची रक्कम कापण्यापूर्वी ग्राहकाला आक्षेप घेण्याची संधी देऊ, अशी हमी पाच बड्या कंपन्यांना जुलै २०१५ मध्ये युरोपीय आयोगाला द्यावी लागली होती. पैसे देताना यंत्राने रुपयांत आकारणीचा पर्याय पुढे केला, तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा दर बहुधा तोट्याचा असतो.

रस्त्यावरचे प्रकार वेगळे. स्पेनमध्ये शेजारून जाणारा 'तुमचे टायर बसले' अशी खूण करतो, चालक खाली उतरतो आणि तेवढ्यात मागच्या सीटवरची बॅग नाहीशी होते. अशा वेळी वर्दळीच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊनच थांबणे शहाणपणाचे. मात्र प्रत्येक आकार म्हणजे लूट नव्हे. इटलीत फ्लॉरेन्स, रोम यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात वाहनबंदीचे पट्टे आहेत. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. दुबईतील 'सालिक' टोलही भाड्याच्या बिलात वाढतो. कायदेशीर दंड व टोल आणि त्यांवर कंपनीने लावलेला सेवा-आकार यांचा हिशेब स्वतंत्र मागितला, तरच खरे-खोटे कळते.

दाद मागण्याचा प्रश्न अखेरीस उरतोच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. परदेशी कंपनीला येथे खेचणे अवघड असले तरी आरक्षण भारतातील प्रवास कंपनीमार्फत केलेले असेल, तर तिच्या सेवेतील त्रुटींबद्दल रत्नागिरीतच तक्रार गुदरता येते. मात्र त्यासाठी हाती कागद हवा. गोव्यात पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीवर, विनापावती भाड्याने घेण्याची सवय अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. वास्तविक भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. घराजवळ पाटी आणि पावती न तपासणारा ग्राहक परक्या देशात करारपत्र वाचेल, ही अपेक्षा भाबडी ठरते. परिवहन कार्यालयांनी आंतरराष्ट्रीय परवान्यासोबतच या खबरदारीचे मराठी पत्रक हाती ठेवले, तर अत्यल्प खर्चात अनेकांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल.