दोस्ती त्यांची, कापूस आमचा

आजची नोंद अर्धी वावराची आणि अर्धी दिल्ली-अमेरिकेची आहे. ज्यांना राजकारण वाचायचं नाही त्यांनी सरळ शेवटी जावं, तिथं तुरीचं लिहिलंय.

पहिली वेचणी उरकली. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, जो हाती लागला तो ओलसर. वेचणीला किलोमागं दहा रुपये गेले. खेडा खरेदीवाल्यानं भाव काढला ६,६००. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव होता मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. एवढा कमी का, विचारलं तर म्हणतो, "दादा, ओल आहे ते एक. आणि बाहेरचा कापूस बिनशुल्क येतोय, गिरणीवाला माझ्याकडं बघेना."

ओल देवाची, मान्य. पण बिनशुल्क कापूस देवानं नाही आणला. तो कसा आला ते तारखांनिशी सांगतो.

२२ सप्टेंबर २०१९. अमेरिकेत ह्यूस्टनला मोठी सभा झाली. आपले पंतप्रधान ट्रम्प यांचा हात धरून मैदानात फिरले आणि 'अब की बार ट्रम्प सरकार' हे शब्द उच्चारले. नंतर खुलासा आला की ती ट्रम्प यांच्याच प्रचारातली जुनी घोषणा होती, साहेबांनी फक्त आठवण काढली. असेल. पण दुसऱ्याच्या देशात जाऊन तिथल्या उमेदवाराची घोषणा तोंडात घ्यायचीच कशाला? महिन्याभरात आपल्याकडं विधानसभेचं मतदान होतं आणि आपण पारावर बसून म्हणत होतो, बघा, जगात आपली काय वट आहे! मीही म्हणत होतो, खोटं कशाला बोलू. पुढच्या फेब्रुवारीत अहमदाबादला त्यांचा सत्कार झाला आणि त्याच वर्षी ते निवडणूक हरले.

मग आलं २०२५. तेच ट्रम्प परत आले. ऑगस्टमध्ये आपल्या मालावर आधी २५ टक्के शुल्क लावलं, मग रशियाचं तेल घेतो म्हणून २७ तारखेपासून आणखी २५. झाले ५०. मैदानात धरलेल्या हाताची किंमत एवढीच निघाली. दोन देशांचं नातं दोन माणसांच्या गळाभेटीवर उभं केलं की एकाचा मूड बदलल्यावर ते असं बसतं.

७ ऑगस्टला दिल्लीत स्वामिनाथन शताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, त्यासाठी स्वतः मोठी किंमत मोजायची तयारी आहे. छाती भरून आली. बाराव्या दिवशी, १९ ऑगस्टपासून, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते नेमक्या त्या दिवसांत. सीसीआयनंही लगेच आपल्याकडच्या गाठींचे विक्रीभाव खाली आणले. किंमत मोजली, पण कुणी मोजली ते ६,६०० मध्ये दिसतंय.

न्यायानं बोलायचं तर दूध, मका, सोयाबीनसाठी तेव्हा दार उघडलं नाही, हे बरं केलं. पण मग कापूसवाला शेतकरी नाही का?

काही मित्र म्हणतील, गिरण्या बंद पडल्या तर तुझा कापूस घेणार कोण? बरोबर प्रश्न आहे. गिरणीला धक्का बसला तो अमेरिकेच्या शुल्कानं. तो भरून काढायचा तर तिजोरीतून काढा, व्याजात सूट द्या, निर्यातीला मदत करा. जास्त लांब धाग्याचा कापूस आपल्याकडं कमी पिकतो म्हणून त्यावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढलं होतं, त्याला आम्ही कुठं ओरडलो? पण आपण जो पिकवतो त्याच कापसाला पेरणी झाल्यावर, बोंडं भरताना धक्का द्यायचा, ही कसली मदत?

आणि हे एकदाच झालेलं नाही. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले. तिथं डाळ घ्यायचा करार झाला, वाढत वाढत वर्षाला दोन लाख टनांपर्यंत. त्याच हंगामात इकडं तूर उदंड पिकली. ५,०५० चा हमीभाव कागदावर राहिला आणि आपण बारदान्याची वाट बघत केंद्रांवर रात्री काढल्या. भाव पडायला आपलं उत्पादनही कारण होतं, पण करारात आपल्या हंगामाचा विचार कुठं होता? कुणी म्हणेल हा विरोधकांचा माणूस दिसतो. तर मार्च २०१२ आठवा. तेव्हा दुसरं सरकार होतं आणि त्यांनी कापसाची निर्यातच बंद केली होती.

खरी गोम इथं आहे. घटनेत शेती राज्यांच्या यादीत आहे, परदेशी करार आणि व्यापार केंद्राच्या. करार करायला संसदेची आधी मंजुरी लागत नाही. शुल्क माफीला तर अधिसूचनेचा एक कागद पुरतो. म्हणजे साहेब परदेशात काय बोलले, काय कबूल केलं, हे आपला खासदारसुद्धा टीव्हीवरच बघतो. आणि गावात कुणी विचारलं तर त्याला देशद्रोही म्हणायला दोन पोरं तयार असतात. विमान उतरेपर्यंत इथं दोन गट पडलेले असतात, एक टाळ्या वाजवणारा, एक शिव्या देणारा. भावाचं कुणीच विचारत नाही.

माझं मागणं साधं आहे. शेतमालाचा परदेशी करार सहीआधी संसदेत ठेवा आणि राज्यांना विचारा. पेरणीपासून मार्चपर्यंत आयात शुल्काला हात लावू नका. लावलाच तर हमीभावातला फरक खात्यावर द्या. पंतप्रधान परदेशात जातात ते आपल्या सगळ्यांचे म्हणून जातात, मग हिशोबही सगळ्यांना द्यायला नको का?

तुरीचं: आमच्याकडं फुलकळी धरायला लागलीय. फुलं निम्म्यावर आली की ५ टक्के निंबोळी अर्क मारणार. एकरी दोन कामगंध सापळे लावलेत, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्यात. अळी दिसल्याशिवाय महागडं औषध घेऊ नका. भाव असा असताना तर नकोच.

तुमच्या भागात कापसाला काय भाव लागला, ओलीसह लिहा.