सांधे धरण्याआधी आतड्यात काय घडते?

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, खडू बोटांत धरवत नाही, लेखणी चालवताना मनगट सुजल्यासारखे वाटते आणि तास-दीड तास गेल्यावर हात हळूहळू मोकळे होतात. ही तक्रार घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या पस्तिशी-चाळिशीच्या शिक्षिकेला किंवा कारकुनाला बहुधा 'वाताचा त्रास आहे, थंडी टाळा' एवढेच सांगितले जाते. म्हातारपणी गुडघे झिजतात, तो प्रकार निराळा. येथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच आपल्या सांध्यांना परके समजून त्यांच्यावर चालून जाते. वैद्यकात याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. शंभरांत अर्धा ते एक माणूस या प्रमाणात तो जगभर आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक गाठतो. ऐन कामाच्या वयात हात निकामी करणारा हा रोग आहे. त्यामुळे त्याचा उगम कोठे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आजवर सांध्यांतच शोधले जात होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही समजूत डळमळू लागली. स्वीडन आणि हॉलंड या देशांत रक्तदात्यांचे जुने नमुने शीतपेट्यांत जपून ठेवलेले होते. ज्यांना पुढे हा संधिवात जडला, त्यांचे पूर्वीचे रक्त काढून तपासले गेले, आणि २००३ व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांतून असे निष्पन्न झाले की सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून त्यांतील अनेकांच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे तयार झाली होती. शरीरातील काही प्रथिनांचे रूप किंचित बदलते, आणि त्या बदललेल्या रूपाविरुद्ध ही प्रतिपिंडे उभी राहतात. म्हणजे लढाई सांध्यांत पोहोचण्यापूर्वीच सैन्याची जमवाजमव दुसरीकडे कोठे तरी झालेली असते. ते ठिकाण कोणते? हिरड्या, फुप्फुसे आणि आतडी अशा तीन जागांवर संशोधकांचा संशय आहे. धूम्रपानाने हा रोग बळावतो हे सिद्धच असल्याने फुप्फुसांवरील संशय अगदीच निराधार नाही. परंतु सर्वांत अधिक गजबजलेले ठिकाण आतड्याचे.

न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की ज्यांचा रोग नुकताच सुरू झाला आहे आणि ज्यांनी औषध घेतलेले नाही, अशा रुग्णांच्या आतड्यात 'प्रेव्होटेला कोप्री' नावाचा जीवाणू वाजवीपेक्षा फार जास्त असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी रुग्णांऐवजी रुग्णांचे सख्खे नातेवाईक निवडले, ज्यांचे सांधे अद्याप धडधाकट होते. त्यांतील काहींच्या रक्तात ती प्रतिपिंडे होती, काहींच्या नव्हती. या मंडळींच्या मलातील जीवाणूंच्या जोडीने विषाणूंचीही तपासणी झाली, आणि धोक्याच्या छायेत असलेल्यांच्या आतड्यातील विषाणूंचा समुदाय निरोगी लोकांच्या समुदायाहून वेगळा आढळला. प्रतिपिंडे असणाऱ्यांत आणि नसणाऱ्यांतही तो एकसारखा नव्हता.

'विषाणू' हा शब्द ऐकताच २०२० नंतरच्या पिढीच्या अंगावर काटा उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु हे विषाणू माणसाच्या पेशींच्या वाटेला जात नाहीत. त्यांचे भक्ष्य जीवाणू. म्हणून त्यांना जीवाणुभक्षक म्हणतात. त्यांचा इतिहास आपल्याकडील नद्यांना स्पर्श करून जातो. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तग धरत नाहीत, आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, अशी नोंद आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली केली होती. त्यामागे जीवाणुभक्षकच होते की नाही यावर आज कोणी पैज लावू नये. पण १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी आमांशाच्या रुग्णांच्या मलातून हे सूक्ष्म भक्षक निश्चितपणे ओळखले आणि त्यांना नाव दिले. त्यांच्या दोन वर्षे आधी इंग्लंडात फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनाही ते दिसले होते. थोडक्यात, आतडे हे या विषाणूंचे माहेरच. तरीही शंभर वर्षे आपण त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २०१४ साली जनुकीय माहितीचे ढीग उपसताना जगातील असंख्य माणसांच्या आतड्यात विपुल असलेला एक जीवाणुभक्षक अचानक सापडला. तोवर तो आपल्या पोटात आहे याचा कोणाला पत्ताही नव्हता.

जो विषाणू माणसाच्या पेशीला हात लावत नाही, तो माणसाचे सांधे कसे बिघडवणार? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर वैद्यकाच्या जुन्या पानांत आहे. घटसर्पाचा जीवाणू स्वतः विषारी नसतो. त्याच्या अंगात एक विशिष्ट जीवाणुभक्षक शिरून बसतो आणि विषाचे जनुक सोबत आणतो, तेव्हाच तो मुलांचे प्राण घेणारा होतो. हे १९५१ सालीच कळले होते. पटकीच्या जंतूचे विषही मुळात एका विषाणूची देणगी आहे, हे १९९६ मध्ये उघड झाले. भक्षक हा प्रत्येक वेळी भक्ष्याला मारतोच असे नाही. कधी कधी तो त्याच्या घरात भाडेकरू होऊन राहतो आणि घरमालकाचा स्वभाव बदलून टाकतो. कोलोरॅडोच्या अभ्यासात आढळलेल्या विषाणूंजवळही जीवाणूंच्या चयापचयात फेरफार करू शकतील अशी जनुके होती. असा बदललेला जीवाणू आतड्याच्या अस्तराशी रोज घासत असेल आणि प्रतिकारयंत्रणा त्याला पाहून चवताळत असेल, तर तिने उगारलेले शस्त्र पुढे सांध्यावर पडणे अशक्य नाही. शिवाय २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की हे विषाणू प्रतिकारपेशींना थेट चेतवू शकतात आणि आतड्याचा दाह वाढवतात.

येथपर्यंतची साखळी आकर्षक आहे. तथापि तिच्यातील काही कड्या अजून जोडलेल्या नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. धोक्यातील लोकांचे विषाणू वेगळे आहेत म्हणजे विषाणूंमुळे धोका आहे, असा अर्थ होत नाही. प्रतिकारयंत्रणा आधीच बिघडली असेल आणि तिच्यामुळे आतड्यातील वस्ती बदलली असेल, हेही तितकेच संभवते. शिवाय अभ्यासातील माणसे मोजकी होती. जीवाणूंच्या बाबतीत पुरावा थोडा पुढे सरकला आहे. २०२२ साली कोलोरॅडोच्याच गटाने एका मानवी आतड्यातून वेगळा केलेला जीवाणू निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना दिला, आणि दुसरी कोणतीही चिथावणी नसताना त्यांचे सांधे सुजले. असा प्रयोग विषाणूंच्या बाबतीत व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत या कल्पनेला शक्यता म्हणावे, शोध म्हणू नये.

हा आग्रह धरण्यास कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकाला अशाच एका कल्पनेने झपाटले होते. शरीरात कोठे तरी जंतूंचा छुपा अड्डा असतो आणि तेथून सांध्यांत विष पसरते, असे शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारखे नामांकित डॉक्टर सांगत. परिणामी संधिवाताच्या हजारो रुग्णांचे दात उपटले गेले, टॉन्सिल कापले गेले. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन यांनी तर सर्व व्याधींचे मूळ म्हणून रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकली. १९३८ साली रसेल सेसिल या एकेकाळच्या पुरस्कर्त्याने सहकाऱ्यासह दोनशे रुग्णांचा हिशेब मांडला, आणि या काटछाटीचा लाभ होत नाही अशी कबुली दिली. स्वतःचे मत स्वतःच्याच आकडेवारीने खोडून काढण्याचे हे धैर्य दुर्मीळच. परंतु उपटलेले दात काही परत आले नाहीत.

मौज अशी की त्याच सुमारास स्वीडनमध्ये नाना स्वार्त्झ या डॉक्टर बाई, संधिवात जंतूंमुळे होतो याच समजुतीने, जंतुनाशक आणि वेदनाशामक यांची सांगड घालून एक औषध तयार करवून घेत होत्या. ते सल्फासॅलझीन. मोठ्या आतड्याच्या दाहावर त्याचा गुण आला आणि संधिवातावरही ते आजतागायत दिले जाते. या औषधाचे दोन तुकडे करण्याचे काम आतड्यातील जीवाणूच करतात! चुकीच्या वाटेनेही कधी कधी योग्य गावाला पोहोचता येते; म्हणून कोणी मुद्दाम चुकीची वाट धरावी असे मात्र नाही.

आपल्याकडे आणखी एक मोह आहे. माधवनिदानात 'आमवात' या नावाने सांध्यांच्या विकाराचे वर्णन आहे आणि त्याचे मूळ न पचलेल्या 'आमा'त, म्हणजे कोठ्यात, सांगितले आहे. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी पोट आणि सांधे यांचा संबंध जोडणारी ती निरीक्षणशक्ती निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु 'आम' म्हणजेच हे जीवाणू-विषाणू असे जाहीर करून टाळ्या मिळवणे हा त्या ग्रंथाचाही सन्मान नव्हे. निरीक्षण जुने आहे. कार्यकारणभाव अजून शोधायचा आहे.

खरी भीती बाजाराची वाटते. 'आतडे शुद्ध करा, संधिवात पळवा' अशा जाहिराती आणि हितकारक जीवाणूंच्या महागड्या पुड्या यांचा सुळसुळाट झालेलाच आहे. उद्या त्यांत विषाणूंची भर पडेल. पुडी निरुपयोगी निघाली तर पैसे जातात, एवढ्यावर भागत नाही. या रोगात पहिले काही महिने मोलाचे असतात. मेथोट्रेक्सेटसारखे स्वस्त औषध आठवड्यातून एकदा, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली, वेळेवर सुरू झाले तर बहुसंख्य रुग्णांचे हात वाचू शकतात. पुड्यांच्या नादात वर्ष गेले तर झिजलेले हाड आणि वाकडे झालेले बोट पूर्ववत होत नाही. मूळ कारण कळेपर्यंत औषध कशाला, हा युक्तिवाद तर घराला आग लागली असता काडी कोणी टाकली याचा तपास संपेपर्यंत पाणी न मारण्यासारखा आहे.

मग या संशोधनाचे मोल काय? मोल आहे ते प्रतिबंधाच्या दिशेने. रोग वर्षानुवर्षे आधी सुरू होतो, तर तेव्हाच त्याला अडवता येईल काय? धोक्यातील व्यक्तींना अबाटासेप्ट हे औषध आधीच देऊन पाहणाऱ्या दोन युरोपीय चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या औषधाने रोगाचा प्रारंभ लांबला. परंतु निरोगी दिसणाऱ्या माणसाला महागडी इंजेक्शने देत राहणे आपल्या देशाला झेपणारे नाही. आतड्यातच उगम सापडला, तर कदाचित अधिक साधा उपाय हाती येईल. पण तो अमेरिकन आतड्यांच्या अभ्यासातून आपल्याला आयता मिळणार नाही. आहार, पाणी, वारंवार होणारे जुलाब, चिठ्ठीविना घेतली जाणारी प्रतिजैविके यांनी घडलेली आपली आतडी वेगळी, आणि त्यांतील विषाणूही वेगळेच असणार. एकाच गर्भातून जन्मलेल्या जुळ्यांतही ते सारखे नसतात.

या अभ्यासासाठी लागणारी बुद्धी आणि माणसे महाराष्ट्रात नाहीत असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राजवळ सूक्ष्मजीवांचा प्रचंड संग्रह आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची सांधेदुखीविषयी पाहणी केली. हजारी सुमारे पाच जणांना हा संधिवात असल्याचे त्यातून कळले. कमतरता आहे ती दहा-पंधरा वर्षे एकाच कामाला पैसा पुरवत राहण्याच्या चिकाटीची. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांचे रक्त आणि मल दरवर्षी घेत राहणे, कोणाचे सांधे धरतात आणि कोणाचे नाही याची वाट पाहणे, हे काम कंटाळवाणे आहे, आणि तीन वर्षांच्या अनुदानात ते बसत नाही. भिगवणच्या ज्या घरांत १९९६ साली हा रोग नोंदला गेला, तेथील त्या वेळची शाळकरी मुले आज नेमक्या त्या वयात आहेत, ज्या वयात तो सुरू होतो. त्यांची संमती असेल तर आरंभ त्यांच्यापासून करता येईल.