लेखकाच्या मेजावरून : वीस आण्यांचे मोल

वाचकहो, ‘सध्या काय लिहिता आणि काय वाचता?’ असे आपण पत्रांतून वारंवार विचारता. या महिन्यात दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे.

हाती असलेली कादंबरी उजनी धरणाच्या जलाशयात गेलेल्या एका गावाची आहे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील कोरड्या रानांत त्याने ऊस उभा केला, ही गोष्ट खरी. आणि त्यासाठी नदीकाठची गावे उठली, हीही तितकीच खरी. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर येते. माझ्या कादंबरीतील गाव व माणसे कल्पित आहेत; त्यांचे दुःख मात्र कल्पित नाही. धरणाला खलनायक करावे, तर ज्याच्या शेतात पाणी आले त्याच्यावर अन्याय. आणि ज्याचे घर गेले त्याच्या अश्रूंना नुसते ‘त्याग’ म्हणावे, तर त्याच्यावर अन्याय.

नऊ प्रकरणे पुरी झाली आहेत. दहाव्यात घर सोडण्याचा दिवस येतो. तेथे लेखणी थबकली, तेव्हा प्रेमचंदांचे ‘गोदान’ पुन्हा वाचावयास घेतले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या या हिंदी कादंबरीत होरी या शेतकऱ्याची इच्छा ती केवढी? दारात एक गाय असावी. गाय येते, सख्खा भाऊच तिला विष घालतो, आणि कर्ज तेवढे वाढत जाते. शेवटी उन्हात मजुरी करताना होरी कोसळतो, तेव्हा सुतळी विकून मिळालेले वीस आणे त्याची पत्नी धनिया गोदान म्हणून पुरोहिताच्या हातावर ठेवते. सावकारी, जमीनदारी, रूढी यांचा सारा भार त्या वीस आण्यांत सामावला आहे.

त्यानंतर विभूतिभूषण वंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’ वाचली. १९२९ साली ती पुस्तकरूपाने निघाली. गाव सोडताना अपूला दिवंगत बहिणीने लपविलेली सोन्याची डबी सापडते. चोरीचा आळ तिने नाकारला होता. अपू ती डबी गुपचूप वेळूच्या बनात भिरकावून देतो. बहिणीची लाज राखण्यासाठी एवढासा मुलगा आणखी काय करणार?

या दोन ग्रंथांनी माझ्या दहाव्या प्रकरणाची वाट दाखविली. मोठ्या दुःखाला मोठे शब्द लागत नाहीत. हातात धरता येईल अशी एखादी वस्तू लागते. कादंबरीतील आजीचे जाते गाडीत मावत नाही. ती वाद घालीत नाही. जात्याचा लाकडी खुंटा तेवढा काढून पदरात बांधते. नव्या वसाहतीत त्या खुंट्याचे ती काय करील, हे अद्याप ठरावयाचे आहे.

आपणांपैकी अनेकांच्या घरीही असे काही जपलेले असेल. फाळणीत, नोकरीच्या बदलीत वा पुरात सोबत आणलेले. वडीलधाऱ्यांना त्याची हकिकत अवश्य विचारावी. आणि आपल्या प्रांताबाहेरची एक तरी कादंबरी अनुवादातून वाचावी. साहित्य अकादेमी व नॅशनल बुक ट्रस्ट यांनी असे अनेक अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. परक्या अंगणातील गाय आणि वेळूचे बन पाहून आल्यावर आपल्या ओसरीवरचे जाते अधिक स्पष्ट दिसू लागते.