गाडीच्या चार्जिंगचा खर्च किती? आधी लाईट बिल उघडा!



"सर, इलेक्ट्रिक गाडीला किलोमीटरला एकच रुपया लागतो ना? घेऊन टाकू का?" मागच्या आठवड्यात एका पालकांनी शाळेच्या फाटकातच विचारलं. कर्ज काढून गाडी घ्यायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, "आधी गणित मांडू." तेच गणित आज तुमच्यासमोर मांडतो.

1000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड एक तास चालला की 1 युनिट वीज जाते. हे पाचवीच्या मुलालाही कळतं. आता छोट्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी 30 युनिटांची धरा. पण मीटर 30 वर थांबत नाही बरं का! चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून तर चार्जर गरम लागतो. ती धरून मीटरवर 34 युनिट पडले आणि गाडी 200 किमी चालली, तर 100 किमीला 17 युनिट झाले.

आता दर कोणता लावायचा? इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे आणखी वेगळा. समजा, तुमचं घर महिन्याला 250 युनिट वापरतं. गाडी महिन्याला 1000 किमी चालली, तर 170 युनिट वाढून एकूण 420 होतील. पहिले स्वस्त 100 युनिट घरानेच संपवलेले असतात. म्हणजे गाडीचे 50 युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि तब्बल 120 युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जातात. म्हणून बिलाची सरासरी काढू नका, वरच्या टप्प्याचा दर बघा.

युनिटला 15 रुपये धरले तरी 100 किमीला 255 रुपये होतात. पेट्रोल गाडी लिटरला 16 किमी देते आणि पेट्रोल 104 रुपये आहे असं धरलं, तर तेवढ्याच अंतराला 650 रुपये लागतात. म्हणजे किलोमीटरला एक रुपया नाही, अडीच रुपये. तरीही बचत आहेच, आणि ती चांगली आहे. मग जाहिरातीत अर्धंच गणित कशाला सांगायचं?

आणखी एक गोष्ट. ही बचत ज्याच्या दारात प्लग आहे त्याची. चाळीत किंवा पार्किंग नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याला बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवरच जावं लागतं. तिथे युनिटला 20 रुपये पडले तर तोच प्रवास 340 रुपयांना. गाडी तीच, पण जागा नाही म्हणून खर्च जास्त! माझ्या मते नव्या इमारतींइतकाच जुन्या वस्त्यांचाही विचार चार्जिंगची सोय करताना झाला पाहिजे.

शिक्षक मित्रांनो, हे उदाहरण वर्गात जरूर घ्या. गुणाकार, भागाकार, सरासरी सगळं यात आहे. वरचे दर मी समजण्यासाठी धरलेत, मुलांना घरच्या बिलावरचे खरे दर घालून गणित करू द्या.

त्या पालकांनी दुसऱ्या दिवशी बिल आणलं. आम्ही दोघांनी फळ्यावर आकडे मांडले. गाडी घ्यायची की नाही, ते अजून ठरवतायत. पण आता जाहिरात बघून नाही, हिशोब बघून ठरवतायत. मला तेवढंच हवं होतं.

तुमचं गणित काय म्हणतं? करून बघा!