अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी



दहावीचा निकाल लागला की गावात दोन दिवस पेढ्यांचा हंगाम असतो. तिसऱ्या दिवशी घरात प्रश्न उभा राहतो, "आता पुढे काय?" आणि त्याचे उत्तर बहुधा घरात शोधले जात नाही. शेजारच्या पोराने काय घेतले, मामा काय म्हणाला आणि तालुक्याला जाणारी एसटी किती वाजता सुटते, यावर ते ठरते. यातले एसटीचे कारण तरी खरे आहे. बाकीची दोन नव्हेत.

आपण शेतकरी माणसे. कांद्याची लागण कधी करायची ते ठरले, की सहा-सात आठवडे मागे मोजून रोप टाकतो. लागणीच्या दिवशी कोणी बी आणायला बाजारात जात नाही. मुलांच्या शिक्षणात मात्र नेमके हेच करतो. आधी अर्ज भरतो आणि दोन वर्षांनी विचारतो, की यातून पीक कसले निघणार? म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. बारावीनंतर मुलाला कुठे जाता येईल, हे अकरावीच्या अर्जातच निम्मे ठरून जाते. तेव्हा शेवटाकडून मागे मोजत या.

आमच्या शेजारच्या गावातील एका मुलीची हकिकत सांगतो. घरी पाच एकर रान. ठिबकची नळी तुंबली, मोटार बंद पडली, की बापाआधी ही पाना घेऊन पुढे. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. घरी कोणी शहाणा म्हणाला, "मुलीला गणित कशाला? जीवशास्त्र द्या, नर्सिंगला तरी उपयोगी पडेल." अर्जात गणिताच्या जागी दुसरा विषय गेला. बारावीत सीईटीचा अर्ज भरताना पोरीला कळले, की तिला जे शिकायचे होते त्या कृषी अभियांत्रिकीला गणित लागते. वडील माझ्याकडे आले ते रडवेले होऊन. म्हणाले, "गुरुजी, पोर हुशार आहे. माझीच अक्कल कमी पडली."

अक्कल कमी पडली नव्हती, माहिती कमी पडली होती. ती वेळेवर मिळावी म्हणूनच आजचा हा लेख.

गणित की जीवशास्त्र?

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घेतले, तर अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी या वाटा उघडतात. जीवशास्त्र घेतले, तर वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यकीय या वाटा. गुराढोरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर तोही रस्ता 'नीट' परीक्षेतूनच जातो, हे अनेक घरांत ठाऊक नसते. ही महाविद्यालये नागपूरच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणी आहेत.

कृषी पदवी आणि औषधनिर्माणशास्त्र यांचे तसे नाही. तिथे गणितवालाही चालतो आणि जीवशास्त्रवालाही. कृषी पदवी चार वर्षांची. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे, आणि त्यांच्याशी जोडलेली बरीच महाविद्यालये. आपल्या गावात दरवर्षी जे कृषिदूत आणि कृषिकन्या येऊन राहतात, माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया करून दाखवतात, ते याच शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी. पुढच्या वेळी ते आले की त्यांना चहाला बोलवा आणि आपल्या मुलाला शेजारी बसवा. सल्ला देणाऱ्या दहा माणसांपेक्षा त्यांचे तासभराचे बोलणे उपयोगी पडेल.

मूल ठरवूच शकत नसेल आणि गणिताची भीती नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. ओझे वाढते हे खरे, पण दोन्ही दारे उघडी राहतात. गणित अगदीच जड जात असेल तर पोराला त्यात कोंबू नका. एक मात्र करा. विषय सोडताना कोणते दार बंद होते आहे, ते मुलाला समोर बसवून सांगा. समजून सोडले तर पुढे पस्तावा होत नाही.

विज्ञान घेतले नाही म्हणजे मूल वाया गेले, असेही नव्हे. कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊनही लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देता येतात. हाताचे कसब असलेल्या मुलाला आयटीआय आहे. आणि दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते. ती झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि त्यासाठी बारावीची सीईटी लागत नाही. बेताची परिस्थिती असलेल्या घरासाठी ही वाट चांगली आहे, कारण मध्येच शिक्षण थांबले तरी हातात पदविका राहते.

अकरावी आरामाची नव्हे

दहावीला पोर दमले, अकरावीला जरा विसावू द्या, असे आपण म्हणतो. हिशेब पाहा. राज्याच्या सीईटीत सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा आणि ऐंशी टक्के बारावीचा असतो. 'नीट'ला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. जो अकरावीत विसावला, त्याला बारावीत दोन वर्षांचे ओझे एकदम उचलावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची खरी अडचण वेगळीच असते. विज्ञान त्याला येते, इंग्रजी शब्द आडवे येतात. प्रकाशसंश्लेषण शाळेत पक्के केलेले असते, पण फळ्यावर 'फोटोसिंथेसिस' आले की मूल गप्प बसते. आणि दोन महिन्यांत घरी सांगू लागते, "मला विज्ञान जमत नाही." दहावीची परीक्षा झाल्यावर मिळणारी सुट्टी याच कामाला लावा. एक वही करा, डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजव्या बाजूला इंग्रजी. रोज दहा शब्द. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतही मागता येते. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच असते. ही निवड अर्ज भरतानाच करायची असते.

क्लासचा खर्च

आता जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय. शहरातील क्लासचे फ्लेक्स आता आपल्या फाट्यापर्यंत आले आहेत. त्यावर दहा मुलांचे हसरे फोटो असतात. चौकशीला गेलात की एकच प्रश्न विचारा, "ही दहा झाली, त्या वर्षीच्या बाकीच्या मुलांचे काय झाले?" जो सरळ उत्तर देईल, त्याच्याशी पुढचे बोला.

काही ठिकाणी प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिकवणी क्लासमध्ये, अशी सोय सांगितली जाते. तिथे प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून या. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत प्रत्येकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि पुढे शेतीचे किंवा डॉक्टरीचे शिक्षण घेणाऱ्याने परीक्षानळी हातात धरलेलीच नसेल तर त्याचा उपयोग काय? क्लास लावायचा तर जरूर लावा, पण रान गहाण टाकून नव्हे. मुलाच्या डोक्यावर अभ्यासाचे ओझे असतेच, त्यावर सावकाराचे ओझे ठेवले तर चांगले मूलही वाकते.

तालुक्याच्या साध्या महाविद्यालयात शिक्षक नेमाने शिकवत असतील आणि एसटी वेळेवर पोचत असेल, तर तेही पुष्कळ आहे. बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांनाही भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो.

कागद वेळेवर करा

वर सांगितलेल्या मुलीची हकिकत तिथे संपली नाही. कृषी अभियांत्रिकी गेली, तरी तिने हिंमत सोडली नाही. जीवशास्त्रावर सीईटी दिली, गुण चांगले पडले. कृषी पदवीला जवळच्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळेल अशी आशा होती. आणि कागद तपासताना कळले, की नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली आहे. नवा दाखला मुदतीत हाती आला नाही. पोर खुल्या गटात धरली गेली आणि घरापासून लांबच्या एका खासगी महाविद्यालयात तिला जावे लागले. बापाचा एक हेलपाटा वाचला होता, पोरीची जागा गेली.

म्हणून कागदांचा क्रम ध्यानात ठेवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख आणि जात नीट आहे का, हे दाखला हातात पडताच वाचा. आधार कार्डावरील नाव तसेच आहे का पाहा. अधिवास, उत्पन्न आणि जातीचा दाखला सुट्टीतच काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत कधी संपते, ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. शेतीच्या उत्पन्नाची त्यात भर घालून "तुम्ही मर्यादेबाहेर आहात" असे कोणी सांगितले, तर घाबरून परत फिरू नका. नॉन-क्रिमीलेअरच्या उत्पन्नाच्या हिशेबात शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, हा नियम आहे.

सर्वांत जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. ती बारावीच्या निकालानंतर करायची गोष्ट नव्हे. त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे कागद पाहिले जातात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, जुनी महसुली नोंद. ते शोधायला महिने जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, ते कोणत्या गावच्या शाळेत जात होते. अकरावीत असतानाच कामाला लागा. वडिलांची किंवा सख्ख्या भावंडाची पडताळणी झालेली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते.

अर्ज आणि फी

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ या वर्षापासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षी दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येत होती, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. तेव्हा पहिल्या ओळीत सहज म्हणून कुठलेही नाव टाकू नका. जिथे खरोखर जायचे आहे, तेच लिहा. त्या-त्या वर्षीची सूचना मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि अर्ज बाहेरच्या केंद्रात भरलात, तरी मोबाइल नंबर आपल्या घरचाच द्या, पासवर्ड आपल्या वहीत लिहा. केंद्रवाल्याचा नंबर दिला, तर प्रवेशाचा निरोप त्याच्या खिशात वाजतो आणि आपण घरी वाट पाहत बसतो.

पैशाअभावी मुलीला थांबवू नका, हे आईबहिणींना मुद्दाम सांगतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता मिळू शकतो. मात्र या सवलती शासनाच्या प्रवेश फेरीतून गेलेल्याला मिळतात. थेट संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली, तर त्यांच्यावर पाणी सोडावे लागते.

असो. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचारणारच. ती आता कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि मन लावून शिकते आहे. गेल्या दिवाळीत घरी आली, तेव्हा दहावीतल्या धाकट्या भावाला घेऊन ओट्यावर बसली. वहीच्या पानावर सगळ्यात खाली तिने लिहिले, "तुला काय व्हायचे आहे?" आणि तिथून वर वर चढत गेली: कोणती परीक्षा, कोणते विषय, कोणता कागद, कोणत्या महिन्यात. बाप शेजारी बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे पान तुझ्या वेळी कोणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं, पोरी."

ती म्हणाली, "आबा, माझी पडताळणी झालेली आहे ना, ती याच्या कामाला येईल. एवढं तरी झालं."

आपल्या घरी दहावीचे मूल असेल, तर या आठवड्यात एका संध्याकाळी असेच एक पान लिहा. खालून वर.